कौंडण्यपूरच्या मैदानातला मुक्काम

गोवर्धनला मी पहिल्यांदा दिसले, ती त्याच्या ट्रॉलीच्या दांडीला लोंबकळताना!

साल सहासष्ट. कार्तिकातली कौंडण्यपूरची यात्रा. नदीकाठच्या मैदानात गाडीमागे चार आणे दिले की खुशाल राहा. आपली गाडी तेच आपलं घर. आम्ही वलगावहून बैलगाडीनं आलो होतो. शेजारी वरूडचे संत्रावाले उतरले, ते ट्रॅक्टर घेऊन. मागच्या दोनचाकी ट्रॉलीवर त्यांनी चक्क खोली बांधली होती! संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांच्या भिंती, वर टिनपत्रं, खिडकीला फुलाफुलांचा पडदा.

ट्रॅक्टर सोडवून गोवर्धन पाण्याला गेला आणि त्याची आत्या मनकर्णाबाई चार बायका घेऊन ट्रॉलीत अगदी मागच्या टोकाला गप्पांना बसली. मागं वजन झालं की गाडी उलाळ होते, पुढून उचलली जाते, हे आम्हा बैलगाडीवाल्यांना लहानपणापासून ठाऊक. दांडी हळूहळू वर उठू लागली... मी धावले आणि तिला लटकले.

"पुढं सरका, आत्याबाई! पुढं!"

ट्रॉली धाडकन सरळ झाली. समोर दोन बादल्या घेऊन एक उंच तरुण उभा.

"तुमी काय करून राहिल्या इथं?"

"तुमचं घर आभायात चाललं होतं. म्हटलं, धराव."

"नाव तरी सांगान?"

"सुभद्रा. ट्रॅक्टर चालवता येते, अन् गाडी उभी करता येत नाही तुमाले?"

"मंग शिकवा नं..."

शिकवलं. मागं दगडांची चळत कशी लावायची, पुढं टेकू कसा द्यायचा. दगड ठेवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यानं घाईनं हात मागं घेतला — आणि दगड स्वतःच्याच पायावर पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर पुन्हा भेट. पुन्हा बादल्या.

"उद्या रोडग्याचं जेवन आमच्याकडं," तो म्हणाला.

मी नकारार्थी मान हलवली.

"काहून?"

"उद्या अकोल्याचे पाव्हणे येनार. बाबा सुपारी फोडनार."

"पोरगा पाह्यला?"

"फोटू पाह्यला."

"कसा हाय?"

"चांगला हाय... कपाटासारखा."

तो हसला नाही. खालमानेनं म्हणाला, "अन् मी?"

"तुमी? तुमी पानी सांडून राहिले."

खरंच, बादली कलंडली होती. पाय भिजले तरी तो हलला नाही.

"मी बोलू बाबांशी?"

"तुमचं तुमी बोला. पन माह्यं मीच सांगीन."

सांगीन म्हणणं सोपं!

तिसऱ्या दिवशी पाहुणे आमच्या सतरंजीवर बसले. भले लोक. बाबांनी अडकित्ता उचलला. त्या काळी मुलीला कोणी विचारत नसे आणि सुपारी फुटली की शब्द पक्का. मी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या.

"बाबा... सुपारी नका फोडू."

"काहून?"

"माह्यं मन वरूडच्या गोवर्धनवर हाय."

मैदानातले बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले, असं मला वाटलं. पाहुणे चहा न घेताच उठले. बाबा उठून बैलांकडं गेले, ते दुपारीच परतले. आई पार्बताबाई पदरात तोंड लपवून बसली.

मग मनकर्णाबाई आली. मागं गोवर्धन, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"नत्थुजी, आमीही माळीच हाओत. पोराचं म्हननं आयका."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही पोरगी चारचौघांत तोंड उघडते. चालन तुले?"

"तिनं उघडलं म्हनून बरं झालं, काकाजी. मी तं कालपासून निस्तं शब्द जुळवून राहिलो."

बाबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग सतरंजीवर थोडे सरकले.

"बस. तूही बस वं, सुभद्रे. जे बोलायचं ते माह्यासमोर बोला."

आम्ही बसलो. आणि दोन दिवस एकमेकांचा एक शब्द खाली पडू न देणारे आम्ही दोघं... एकालाही काही सुचेना.

"बोला नं आता!" बाबा ओरडले — आणि त्यांनाच हसू फुटलं.