छपराचा लिलाव

त्यानं हात वर केला तो बोली लावायला नव्हे... गांधीलमाशी हाकलायला. पण हे मला नंतर कळलं.

रविवारची उपासना संपली होती. मंडळी चर्चच्या अंगणात, एवोकॅडोच्या झाडाखाली जमली होती आणि लिलाव ऐन रंगात आला होता. कुणी अंडी आणलेली, कुणी कॉफी, कुणी पाय बांधलेला कोंबडा. येईल ते विकायचं आणि आलेला पैसा शाळेच्या बांधकामात घालायचा, असं आमचं वर्षभर चाललं होतं. आमची मुलं दरीपलीकडच्या शाळेत जायची. नदीला पाणी चढलं की ती घरीच बसायची आणि शिकलेलं सगळं विसरायची. म्हणून शाळा हवी होती. इथेच, आमच्या उतारावर.

पूर्वी लिलाव माझे बाबा पुकारायचे. त्यांचा आवाज म्हणे पार खाली मोशी शहराच्या रस्त्यापर्यंत जायचा. घशाच्या दुखण्यात तो आवाज गेला, नुसती कुजबुज उरली आणि त्यांच्या जागी स्टुलावर मी चढले. बाईमाणसानं लिलाव पुकारायचा? चार जणांनी नाकं मुरडली. मी पहिल्याच रविवारी एक भोपळा कोंबड्याच्या भावात विकला. मग नाकं सरळ झाली.

"केळीचा घड! मंका आजीच्या बागेतला, मधासारखा गोड! पाच हजार शिलिंग एकदा—"

मागच्या रांगेत एक हात उठला.

"सहा हजार! निळ्या शर्टातल्या पाहुण्यांचे! एकदा... दोनदा... गेला!"

"कोण, मी?" निळा शर्ट दचकला. "अहो बाई, मी माशी हाकलत होतो!"

"माशीचे पैसे आम्ही घेत नाही. घडाचे द्या."

अंगण खदखदून हसलं. तो ओशाळला, पण हटला नाही. "मी पारे डोंगरातला माणूस आहे. आमच्यात इतक्या सहज पैसे सुटत नाहीत."

"तरीच! पारेचे लोक खिशाला टाके घालून फिरतात असं ऐकलं होतं. मी शिलाईच करते. उसवून देऊ?"

तो पुढे आला. उंच, सावळा, बाह्यांवर वाळूची पांढरी धूळ. पैसे माझ्या टोपलीत टाकले, घड उचलला... आणि पुन्हा माझ्या स्टुलाच्या पायाशी ठेवला.

"मंडळीला परत. पुन्हा विका. पण आता माशी चावली तरी हात वर करणार नाही."

बोलताना त्यानं वर पाहिलं. मी स्टुलावर होते, म्हणून. पण त्या बघण्यानं मलाच खाली उतरल्यासारखं वाटलं. तो घड त्या दिवशी आणखी दोनदा विकला गेला.

त्याचं नाव एलिसान्ते. शाळेसाठी वाळू आणणारा ट्रक त्याचा... म्हणजे मालकाचा, चालवणारा तो. शनिवारी क्लच गेला म्हणून पाळक लेमा यांच्याकडे मुक्काम पडला होता. पुढच्या रविवारी ट्रक अगदी ठणठणीत होता. तरीही तो मागच्या रांगेत हजर.

मी दर रविवारी उशीचा एक अभ्रा शिवून लिलावात ठेवायचे. तो दर रविवारी तो घ्यायचा. कुणी चढती बोली लावली तर हा आणखी चढायचा. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. शेवटी मीच विचारलं,

"तुमच्या घरी उशा आहेत तरी किती?"

"एकच."

"मग एवढे अभ्रे?"

"झोप येत नाही हल्ली. म्हटलं, अभ्रे बदलून बघावं..."

मी टोपली आवरायच्या निमित्तानं मान खाली घातली. मंका आजी तेवढ्यात कानाशी येऊन पुटपुटली, "अनांदे, टोपली रिकामी आहे गं. काय आवरतेस?"

असेच आठवडे गेले. भिंती छातीपर्यंत आल्या, मग डोक्यावर गेल्या. नाताळ आला तेव्हा फक्त छप्पर राहिलं होतं.

नाताळात शहरात गेलेली आमची सगळी माणसं डोंगरावर परततात. त्या वर्षी दार-एस-सलामहून उरासा काका आले, चकचकीत गाडीतून. लिलावाच्या वेळी ते उभे राहिले.

"मंडळी, छपराचा सगळा खर्च माझ्याकडे. दारावर माझं नाव घाला, बास. आणि हे कोंबड्या-केळ्यांचं दुकान आता बंद करा. बघून दया येते मला तुमची."

अख्खं छप्पर! कोण नाही म्हणणार? पाळक लेमा चष्मा काढून पुसत राहिले. पण ती 'दया' कुठेतरी लागली होती. मंका आजीनं आणलेली अंडी हळूच शालीखाली घेतली, ते मी पाहिलं. आणि माझ्या अंगाची लाही झाली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. जवळ जाऊन वाकले तेव्हा ऐकू आलं, "स्टुलावर तू आहेस ना? मग पुकार."

मी चढले.

"उरासा काका, तुमचं मन मोठं आहे. पण या भिंतींत मंका आजीच्या बागेतली केळी आहेत. पाळकसाहेबांचा कोंबडा आहे. माझे अभ्रे आहेत. त्यातलं एकही नाव आम्ही दारावर घातलेलं नाही. आणि दया म्हणाल... तर ती आम्ही कधी लिलावात ठेवली नाही." मग मी मंडळीकडे वळले. "आजचा माल! छपराचा एक पत्रा! घरी न्यायचा नाही, वरच राहणार. त्याच्याखाली कुणाचं पोर बसेल ते मी सांगू शकत नाही. बोला!"

कुणीच बोलेना. वाऱ्यानं एवोकॅडोची पानं सळसळली. संपलं, मला वाटलं, सगळ्यांदेखत माझं हसं झालं—

"एक माझा!" मंका आजी काठी टेकत उठली. "काळी बकरी गेली तर गेली. तशीही शिंगं मारते!"

"एक गायनमंडळाचा!"

"आमच्या आळीचा एक!"

"दोन," मागून आवाज आला.

"अरे, पारेचा माणूस दोन म्हणाला!" कुणीतरी ओरडलं. "आता आभाळ पडणार!"

"पडू दे," एलिसान्ते म्हणाला. "म्हणूनच तर छप्पर घेतोय."

मग बांधच फुटला. बायका जीभ हलवून आनंदाचा 'उलूलू' चीत्कार करू लागल्या, म्हातारे टोप्या उडवू लागले, माझा घसा बसत आला तरी बोली थांबेना. सगळ्यात शेवटी उरासा काका पुढे आले. टोपी हातात, डोळे ओले.

"एक मलाही दे, पोरी. आईच्या आठवणीसाठी. नाव कुठं घालू नकोस."

"सगळ्यांच्याच भावात मिळेल, काका."

"त्याच भावात दे," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्यातले वाटले.

पत्रे आले ते मार्चमध्ये, आमच्याकडच्या मोठ्या पावसाच्या तोंडावर. शेवटच्या चढावर तांबड्या चिखलात ट्रकची चाकं फिरत राहिली. मग सगळी मंडळीच खाली उतरली. दोघादोघांनी एकेक पत्रा डोक्यावर धरला आणि उतारावरून चकाकती रांग वर चढू लागली. आमच्या पत्र्याला पुढे एलिसान्ते होता, मागे मी. मला फक्त त्याच्या चिखलानं माखलेल्या टाचा दिसत होत्या.

"वाळूचं काम संपलं," तो पुढूनच म्हणाला. "मालक मला म्वान्झाच्या रस्त्यावर पाठवतोय. तिकडे, सरोवराकडे."

"किती दिवस?"

"कायमचंच."

पत्रा माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. पण तोंड माझंच ना! "बरं," मी म्हणाले.

"बरं? नुसतं बरं?"

उत्तर द्यायच्या आधीच पाऊस आला. पत्र्यावर असा काही तडतडला की जग बुडालं. तो ओरडून काहीतरी बोलला.

"काय?"

"जाऊ नको म्हणालीस तर नाही जाणार!"

"काय? पाऊस आहे!"

"मला... तू... आवडतेस!"

खरं सांगायचं तर मला ऐकू आलं होतं. पण असं वाक्य एकदाच ऐकून कुणाचं भागतं? "ऐकू नाही आलं!" मी ओरडले.

तो थांबलाच. मागची रांग एकमेकांवर आदळली. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या उताराला सांगितलं, "अनांदे! तू मला आवडतेस! मला लग्न करायचंय तुझ्याशी!"

"अगं पोरी," मागून मंका आजी किंचाळली, "दरीपलीकडच्या शाळेला ऐकू गेलं! तुलाच कसं नाही? लवकर काय ते बोल, मान मोडतेय माझी!"

हसणं रांगेत वरपासून खालपर्यंत पसरत गेलं. पत्रे डोक्यांवर थरथरू लागले. पावसानं माझे गाल भिजले होते, बरं झालं, काय पाऊस आणि काय दुसरं ते कुणाला कळलं नाही.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं!"

लबाड!

"जाऊ नकोस, एलिसान्ते! इथेच राहा!"

वर पोचलो तेव्हा बाबा शाळेच्या भिंतीला टेकून भिजत उभे होते. एलिसान्तेनं पत्रा खाली ठेवला आणि तसाच चिखलात त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. बाबांनी त्याला खुणेनं जवळ वाकवलं.

"आधी पत्रा वर दे," ते कुजबुजले. "अशी बोलणी उघड्यावर करत नसतात. छप्पर झालं की आत बसून करू."

म्हणून आमच्या शाळेत पहिलं काय झालं असेल, तर आमच्या लग्नाची बोलणी. त्याचे काका पारेहून आले, मंका आजीनं केळ्या-मटणाचा मोठा हंडा रांधला, आणि दोन्हीकडचे म्हातारे कोऱ्या बाकांवर ताठ बसले. मुलीकडच्यांना बकऱ्या किती द्यायच्या, यावर आवाज चढत होते. एलिसान्ते समोरून माझ्याकडे बघत होता, मी बघत नसल्यासारखं करत होते.

तेवढ्यात मुसळधार पाऊस आला. पत्र्यांवर असा गडगडाट झाला की कुणाला कुणाचं ऐकू येईना. बोलणी थांबली. एकेक जण मान वर करून बघू लागला. काका, पाळकसाहेब, मंका आजी, बाबा. बाबांचा हात हळूच माझ्या हातावर आला. कितीतरी वेळ आम्ही तसेच वर बघत बसलो.

एक थेंबही आत आला नाही.