सुधीरकाकांचा शुक्रवार

"काका, सोमवारी म्युझियम बंद असतं," अक्षराने तिसऱ्यांदा सांगितलं.

"वेबसाइट जुनी असेल," सुधीरकाका कागदावरून नजर न उचलता म्हणाले. "पंधरा वर्षं सहली काढतोय मी. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

कुवेतमधल्या अबू हलीफात, काकांच्या हॉलमध्ये सहा कुटुंबं जमली होती. सुट्टीत सगळे कोरियातल्या बुसान शहरात जाणार होते. समुद्रकाठचं देऊळ, गरम पाण्याच्या झऱ्यांची न्हाणीघरं, म्युझियम, सगळं काकांनी आखलं होतं. त्या आखणीत काना-मात्रेचा फरक करायची कुणाची टाप नव्हती. बाकीचे मोठे लोक सामोसे खात माना डोलावत राहिले.

अक्षराचं डोकं तापलं, आणि ते म्युझियमपायी नव्हे, तर आईपायी.

प्रेमा, म्हणजे तिची आई, जाब्रियातल्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची नर्स होती. तिची रजा दर वर्षी गावाकडच्या लग्नांत आणि आजारपणांत संपायची. मीना अब्दुल्ला इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या एका कोरियन इंजिनीअरने बरा होऊन जाताना तिला एक कॅलेंडर दिलं होतं. त्यातल्या एका पानावर हिरव्या झिलईची मातीची सुरई होती. वर्ष संपलं, तरी आईने ते पान आपल्या लॉकरच्या दाराला चिकटवून ठेवलं. तसल्या सुरया बुसानच्या म्युझियममध्ये होत्या. यंदा तिला जेमतेम रजा मिळाली होती. गुरुवारी रात्री तिथे पोचायचं आणि सोमवारी संध्याकाळी एकटीने परत फिरायचं. म्हणजे म्युझियम सोमवारी ठेवलं, तर तिला बंद दार बघून विमानतळ गाठावा लागणार होता.

"जाऊ दे गं," आई घरी म्हणाली, "एवढं करतात ते सगळ्यांसाठी." या 'जाऊ दे'चा अक्षराला सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती, तिची मैत्रीण जुईली आणि सुधीरकाकांचाच मुलगा आलोक जिन्यात बसून काकांच्या आखणीचा कागद वाचत होते. शुक्रवारी चक्क 'हॉटेलवर विश्रांती' लिहिलं होतं. एवढ्या लांब जाऊन दिवसभर झोपायचं?

"But why Friday?" आलोक म्हणाला.

जुईली कागदाकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "कारण इथे शुक्रवारी सगळं बंद असतं. काका कुवेतचाच आठवडा बरोबर घेऊन निघालेत."

कोडं सुटलं होतं, पण ऐकणार कोण? नुसतं सांगून भागणार नव्हतं. अक्षराने एक नवा कागद घेतला.

शनिवारी सकाळी पुन्हा बैठक भरली. कोरियाहून कुवेत बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलांनी एक आखणी केली आहे, ती जरा तपासून द्या, असं म्हणत आलोकने कागद वडिलांच्या हातात दिला. काका खूश झाले. चष्मा लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीला हसत सुटले.

"शुक्रवारी सकाळी नऊला बाजार? कुत्रंसुद्धा भेटणार नाही! आणि रविवारी विश्रांती? रविवारी आपण कामावर असतो. ज्याने हे केलं, त्याने स्वतःच्या गावचा आठवडा धरलाय. अरे, जिथे जायचं तिथल्या माणसाला आधी विचारावं ना!"

सगळा हॉल हसला. अक्षरा मात्र हसली नाही.

"काका, पान उलटा."

मागच्या बाजूला त्यांचीच बुसानची आखणी होती. शुक्रवार आणि सोमवार यांच्याभोवती लाल गोल काढले होते. हसणं थांबलं. काकांनी सगळ्यांसमोर तिथल्या गाइडबाईंना फोन लावला. सोमवारी म्युझियम बंदच असतं, शुक्रवारी उघडं असतं, आणि आपण हे दोन ईमेलमध्ये कळवलं होतं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. काकांनी दोन्ही उघडलेच नव्हते.

पाच मिनिटांत म्युझियम शुक्रवारवर आलं. मग मात्र कौतुकाला ऊत आला. कुणी मुलांची पाठ थोपटली, कुणी त्यांना गुप्तहेर म्हटलं. सुधीरकाकाही घाम पुसत म्हणाले, "हुशार आहे हो तुमची अक्षरा!"

"हुशार नाही, काका," अक्षरा म्हणाली. "बुधवारी मी हेच तीनदा सांगितलं होतं. तेव्हा कुणीच ऐकलं नाही."

काकांनी मान खाली घातली. ते प्रेमाकडे वळून 'चुकलं माझं' म्हणाले. अक्षराला वाटलं, आता आई म्हणणार, जाऊ दे.

"हो, चुकलंच," आई म्हणाली, आणि तिने लेकीचा हात घट्ट धरला.