दोन इंच लाल वायर

बसा साहेब. ते स्टूल डुगडुगतं, खुर्चीच घ्या. तुमचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण आधी चहा होऊ द्या. कारण आत्ता तुम्ही जे बोललात ना, "स्विच कशाला नवा टाकता, दोन वायरी जोडून द्या की", ते या गॅरेजमध्ये चालत नाही. पूर्वी चालायचं. मीच चालवायचो.

तुमच्या गाडीसारखीच गाडी होती ती. थांबून न्यूट्रल केली, क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद. क्लच दाबला की आपोआप चालू. पेट्रोल वाचतं म्हणून लोक खूश. पण यात एक मेख आहे. अशी गाडी गप्प असते तेव्हा ती बंद नसते, नुसती डुलकी काढत असते. बॅटरी जरा उतरली तरी आपणहून जागी होते. म्हणून बॉनेटखाली बोटाएवढा एक स्विच असतो. बॉनेट उघडलं की तो गाडीला सांगतो, बाई, आता आत माणसाचा हात आहे, उठू नकोस. तो स्विच ठीक असेल तर क्लचवर नाचलात तरी गाडी उठत नाही. तुमचा तोच स्विच गेलाय.

जीवनचाही तोच गेला होता. जीवन म्हणजे माझा जिवाभावाचा दोस्त, निफाडजवळ त्याची द्राक्षबाग. बागेवर फवारून फवारून अंगाला कायम गंधकाचा वास. गाडी न्यायला आला की बॉनेटवर दोन थापा मारायचा, "चल मन्या, झालं!" ऑक्टोबरच्या छाटणीत एकदा धावतपळत आला. स्विच गंजलेला, गाडीला वाटायचं बॉनेट उघडंच आहे, अन् अलार्म रात्रभर बोंबलायचा. नवा स्विच यायला आठ दिवस होते. जीवन म्हणाला, "आठ दिवस कोण थांबतं? कर काहीतरी जुगाड."

केला मी. स्विचच्या दोन वायरी दोन इंच लाल वायरीनं जोडल्या, वर हिरवी टेप. आता बॉनेट उघडं असो की बंद, गाडीच्या लेखी बंदच. नवा स्विच आला, पाकिटावर जीवनचं नाव घातलं आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तो विसरला, मीही विसरलो. आमच्या धंद्यात 'तात्पुरतं' हा शब्द फार वाईट आहे साहेब.

जानेवारी उजाडला. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. सकाळचे आठ, धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसेना. गाडी मीना वहिनी चालवत होत्या, जीवन शेजारी बसून शिकवत होता. पुढे रेल्वेचं फाटक बंद, म्हणून गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं. इंजिनचा पट्टा चिरकतोय अशी जीवनची सकाळपासून भुणभुण. "फाटक उघडेस्तोवर बघतो," म्हणून तो उतरला, बॉनेट उघडून वाकला. गळ्यात मफलर होता.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही समजलात.

गावात सगळ्यांनी ठरवलं, वहिनींनीच क्लच दाबला. शिकाऊ बाई, घाबरली असेल. सासू नवसाबाई तर तोंडावर म्हणायच्या, "पांढऱ्या पायाची." मी तेराव्याला त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून हे ऐकलं, मान खाली घातली आणि वाढलेलं जेवलो. मला ठाऊक होतं की स्विच असता तर जीवन जिवंत असता. तरी जेवलो. म्हणजे मी काय लायकीचा माणूस, ते कळलं ना तुम्हाला?

दोन वर्षं गाडी शेडमध्ये पडून होती. मग एका रविवारी दुपारी, हीच वेळ असेल, आपल्या या इंदिरानगरातली सगळी दुकानं बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. गाडी दारात आली, थांबली, इंजिन बंद पडलं, परत चालू झालं, परत बंद पडलं. आतून वहिनी उतरल्या. एकट्याच.

"निफाडपासून सात वेळा बंद पडली, मनोजभाऊ. सात वेळा आपली आपण चालू झाली. म्या क्लचला पाय लावला नव्हता."

या खुर्चीवर बसल्या त्या. पाय साडीत ओढून घेतलेले, नख दिसू देत नव्हत्या.

"तुमच्या मशीनीत समदं दिसतं म्हणे. त्या दिवशी माझा पाय क्लचवर होता का, तेवढं बघा. मला आठवत नाय. लय आठवलं..."

"आता कशाला वहिनी? झालं ते झालं."

"काल आरोहीनं इचारलं, आई, पप्पांना तू मारलं का? नऊ वर्षांची हाय भाऊ. मशीन हो म्हणली, तर मी घरी जायची नाय. वाटंत कालवा हाय."

गाडीचे दोष वाचणाऱ्या त्या मशीनीत तसलं जुनं काही दिसत नाही साहेब, पण ते मी सांगितलं नाही. मी बॉनेट उघडलं. लाल वायर तिथंच होती, माझीच हिरवी टेप. आणि खरं सांगतो, त्या बाईचा जीव टांगणीला लागलेला असताना मला काय सुचलं? आधी पुरावा काढ. वहिनींना पाठमोरा झालो, वायर उपटून शर्टाच्या खिशात घातली, ड्रॉवरमधून जीवनच्या नावाचा स्विच काढून बसवला. मग किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता मशीन जोडलं.

बॉनेट माझ्यासमोर सताड उघडं. मशीनवर अक्षरं आली: बॉनेट बंद.

म्हटलं, नवा स्विच खराब असेल. खालची ओळ वाचली. चालकाचा सीटबेल्ट: लावलेला. मी काचेतून पाहिलं. सीट रिकामी, बेल्ट बाजूला लोंबत होता. तेवढ्यात गंधकाचा वास आला. मंद आधी, मग असा की घसा खवखवायला लागला.

इंजिन सुरू झालं.

मी आत हात घालून किल्ली काढून घेतली. इंजिन चालूच. बॅटरीची वायर सोडली. चालूच. वीस वर्षं हे काम करतोय, असं होत नाही. होऊच शकत नाही. इंजिनचा पट्टा गरागरा फिरत होता, आणि मला माझ्याच कॉलरला ओढ जाणवली... हलकी, कुणी आपुलकीनं जवळ ओढावं तशी. खाली. पट्ट्याकडे.

"भाऊ, काय म्हणती मशीन?" वहिनी मागे उभ्या होत्या.

"पाय नव्हता," मी कसाबसा म्हणालो. "क्लच सुटलेला होता वहिनी. तुमचा काही दोष नाही."

"मग चालू कशानं झाली?"

"कंपनीचा... कंपनीचा दोष असतो कधी कधी."

इंजिन एकदम किंचाळलं. आणि खिशातली वायर तापली. कशालाही न जोडलेली वायर साहेब! छातीला चटका बसला, शर्टाचा जळका वास आला. मी खिशात बोटं घालायला गेलो तर हात उचलवेना. मान खाली, अजून खाली. पट्ट्याचा वारा डोळ्यांना लागत होता.

"जीवन्या, सोड... सांगतो. सांगतो रे!" मी ओरडलो. "वहिनी, मी केलं. स्विच मी काढला. दोन वायरी मी जोडल्या. स्विच असता तर तुम्ही क्लच दाबला असता तरी गाडी उठली नसती. दोन वर्षं मला माहीत होतं..."

इंजिन थांबलं.

इतकी शांतता झाली की मला माझंच रडणं ऐकू आलं. मग बॉनेटच्या पत्र्यावर थाप पडली. एक. मी दुसरीची वाट बघत राहिलो. ती पडली नाही.

वहिनींनी मला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. हात पुढे केला, मी वायर त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली.

"एवढीशी?" म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "गाडीत बसा. माझ्या पोरीम्होरं सांगायचं, अन् सासूबाईंम्होरं." बसलो मी शेजारी. त्या चालवत होत्या, पाय क्लचवर, साडी वर खोचलेली. वाटेत गाडी एकदाही आपणहून सुरू झाली नाही. ओट्यावर उभं राहून सगळं बोललो. नवसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. आरोही आईला जाऊन चिकटली, तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. निघताना वहिनींनी वायर माझ्या हातात परत दिली. "ही तुमच्याकडं ठेवा. टाकायची नाय."

ती बघा, त्या पत्र्याच्या डबीत. उघडा. घाबरू नका, कशाला जोडलेली नाही, बॅटरी पण नाही. रोज सकाळी आठला मी बोट लावून बघतो. ज्या दिवशी गार लागेल त्या दिवशी समजेन की जीवन्यानं दुसरी थाप मारली, सुटलो. पण तुमच्यासारखं कुणी येऊन "जोडून द्या की" म्हणालं की ती जास्तच...

लावा ना बोट.

चटका बसला ना? फुंकर मारा, फोड नाही येत.

आता सांगा साहेब, स्विच नवा टाकू?