सहा हजार दोनशे चौदा नंबरच्या खोलीतले दुसरे

थेल्मा हाल्वरसन सत्तर वर्षांची होती आणि आयुष्यात तिने एकदाही कुठल्या गोष्टीचे पूर्ण दाम मोजले नव्हते. सस्कॅचवानच्या त्या सपाट मुलखात, जिथे गव्हाखेरीज दुसरं काही डोळ्यांना लागत नाही, तिथे चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे आपोआप जमतं. पण तिचा नवरा ऑर्विल तिच्याही वरताण होता. अलास्काच्या जलसफरीचं त्याने दोन वर्षं आधी ठरवलं, सप्टेंबरातली शेवटची फेरी निवडली, कारण तेव्हा तिकीट उतरतं, आणि सफर संपल्यावर व्हँकुव्हरमध्ये दोन रात्री राहायचा बेत एका शाळकरी वहीत उतरवून ठेवला.

बंदराजवळची हॉटेलं अव्वाच्या सव्वा भाव लावतात, म्हणून स्ट्रॅथकोना भागातल्या मिसेस ल्यूंगच्या घरातली वरची खोली. न्हाणीघर बाहेर, सगळ्यांत मिळून. जहाज सकाळी सातला लागतं आणि खोली तीनशिवाय मिळत नाही, तेव्हा मधला वेळ कुठे काढायचा, कुठली बस पकडायची, दुपारी कुठलं सूप घ्यायचं, सगळं त्याने लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारून: ‘नाव दोघांचं. एकट्याला भाडं तेच.’

जानेवारीत दारापुढचं बर्फ ओढताना ऑर्विल फावडं धरूनच खाली बसला, तो परत उठला नाही.

थेल्माने सफर रद्द केली नाही. पैसे परत मिळणार नव्हते. त्याचं नाव मात्र काढायला हवं होतं, त्यासाठी एक फोन पुरला असता. तो तिने केला नाही. कारण विचारलं तर ती सांगायची की एकटीलाही भाडं दोघांचंच, मग कशाला उगाच खटाटोप. हे खरंच होतं. पण खरं कारण वेगळं होतं. फोनवरच्या मुलीने विचारलं असतं, का काढायचं नाव? आणि मग थेल्माला ते वाक्य तोंडाने म्हणावं लागलं असतं. आठ महिन्यांत ते तिने एकदाही म्हटलं नव्हतं. बँकेतसुद्धा दाखला काचेखालून सरकवला होता आणि गप्प बसली होती.

जहाजावर चढताना गर्दी होती. टेबलामागच्या पोराने दोन कार्डं काढली आणि दुसरे पाहुणे कुठेत म्हणून विचारलं.

“मागून येतायत,” थेल्मा म्हणाली.

चाळीस वर्षांची सवय. ऑर्विल नेहमीच मागून यायचा, त्याचा उजवा पाय आखूड होता. पोराने दोन्ही कार्डं यंत्राला टेकवली आणि तिच्या हातात दिली. ती पुढे निघाली. हे खोटं बोलणं झालं असं तिच्या मनातही आलं नाही.

मग सात दिवस तेच चाललं. खोली आवरणारा रेनाटो रोज दोन टॉवेल ठेवायचा, दोन उशांवर दोन चॉकलेटं. साहेब दिसत नाहीत, त्याने एकदा विचारलं. झोपलेत, ती म्हणाली. त्यानंतर तो दबक्या पावलांनी वावरू लागला. पाचव्या सकाळी बिछान्याच्या दुसऱ्या बाजूची उशी तिला ओलसर लागली. बाल्कनीचं दार उघडं राहिलं असेल, समुद्राची हवा, असं म्हणून तिने उशी उलटी केली.

शनिवारी जहाज व्हँकुव्हरला लागलं. बाहेर धुकं इतकं दाट की धक्क्यावरचे दिवे भर सकाळी लागलेले. जहाजाची एक शिस्त असते. उतरणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड यंत्राला टेकवतात, त्याचं नाव यादीतून उतरतं, आणि शेवटचा माणूस उतरून यादी कोरी झाल्याशिवाय नव्या फेरीचा एकही माणूस वर घेत नाहीत. दारातल्या मुलीने थेल्माचं कार्ड टेकवलं आणि हसून विचारलं, “आणि साहेब?”

“येतायत मागून.”

त्याचं कार्ड तिने खोलीतल्या खणात ठेवून दिलं होतं. फेकवलं नव्हतं.

सामानाच्या दालनात तिला तिची बॅग सापडली, आणि तेवढ्यात वरच्या भोंग्यातून आवाज आला. ऑर्विल हाल्वरसन, खोली सहा हजार दोनशे चौदा, यांनी कृपया उतरण्याच्या दाराशी यावं.

थेल्मा जागच्या जागी थांबली. तिला भीती वाटली नाही, आनंद झाला. ते नाव पूर्णपणे, मोठ्याने, एवढ्या लोकांत कुणीतरी घेतलं होतं. आठ महिने सगळे तिच्यासमोर ते गिळून बोलत होते. ती बॅगेवर बसली. पुन्हा पुकारा झाला, तिसऱ्यांदा झाला. बाजूचा एक गृहस्थ वैतागून म्हणाला की कोण हा बाबा, सगळ्यांना खोळंबून ठेवलंय. तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. आता उठून त्या मुलीला सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं की पुकारा थांबणार.

चौथा पुकारा झाला नाही. भोंगा गप्प झाला आणि काचेपलीकडे नव्या फेरीचे लोक आत सोडू लागले.

ती बाहेर पडली. वहीत लिहिल्याप्रमाणे स्टेशनाजवळच्या दुकानात कॉफी आणि एक डोनट घेऊन खिडकीशी बसली. रस्त्यापलीकडची इमारत धुक्यात गेली होती. फोन वाजला. जहाजाच्या कचेरीतला माणूस होता, आवाज मऊ, माफी मागणारा.

“मिसेस हाल्वरसन, काळजी करू नका. तुमचे मिस्टर उतरले. बाल्कनीत बसले होते, त्यांना पुकारा ऐकूच गेला नाही.”

थेल्माने हातातला कप खाली ठेवला.

“कोण उतरलं?”

“मिस्टर ऑर्विल. कार्ड होतं त्यांच्याजवळ. तुम्ही कुठे राहणार ते त्यांना आठवत नव्हतं, म्हणून तुमच्या अर्जावरचा पत्ता दिला. चालेल ना?”

हे सांगायला हवं, त्या क्षणी तिच्या मनात आधी एकच गोष्ट आली: तो थकला असेल, जहाजावरून उतरायला जिना होता. मग तिने विचारलं, “ते… लंगडत होते का?”



“नाही मॅडम. चांगले ताठ चालत गेले. उंच आहेत ना, दारातून निघताना वाकावं लागलं त्यांना. कोट फक्त भिजला होता.”

ऑर्विल पाच फूट चार इंच होता. लग्नात थेल्माने त्याच्यासाठी सपाट चपला घातल्या होत्या.

“तुमच्याकडे फोटो असतो ना,” ती कशीबशी म्हणाली. “कार्डाबरोबर.”

त्यांचा राहून गेला होता, तो माणूस म्हणाला. आत्ता उतरताना घेतला, पण ते हलले बहुतेक. चेहरा नीट आलेला नाही. मग त्याने शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

कॉफी निवून गेली. थेल्मा विचार करत होती, आणि विचार करणारी बाई होती ती, घाबरून किंचाळणारी नव्हे. सात दिवस आपण एक जागा मांडून ठेवली. टॉवेल मांडले, उशी मांडली, नाव मांडलं. ज्याच्यासाठी मांडली तो काही आला नाही. पण समुद्रावर जागा रिकामी दिसली तर ती घ्यायला कुणीच नसेल असं आपण का धरून चाललो?

तिने बहिणीला, व्हर्नाला, फोन लावला. व्हर्ना कॅमलूप्सला राहते, चार तासांवर. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

“खोलीचे पैसे बुडाले तर बुडू देत,” ती शेवटी म्हणाली. “बस पकड आणि इकडे ये.”

“दोन रात्रींचे भरलेत गं.”

“थेल्मा, तू त्याला तीन वेळा आत घेतलंयस. कळतंय का तुला? दोनदा ‘मागून येतायत’, एकदा ‘झोपलेत’ म्हणून. आता एकदा तोंडाने म्हण. माझ्याशी म्हण. ऑर्विल गेला. म्हण.”

थेल्माने तोंड उघडलं. दुकानातली मुलगी फडकं मारत होती, काचेवर पाणी ओघळत होतं.

“तो… इथे नाहीये,” ती म्हणाली.

व्हर्ना रडायला लागली.

पण त्या रडण्याने थेल्माचा निश्चय झाला. कॅमलूप्सला पळून काय होणार? नाव तर त्या घराच्या वहीत राहणारच. ते काढायलाच हवं, आणि ज्या बाईने ते लिहिलं तिच्यासमोरच. मिसेस ल्यूंगला सांगायचं: माझे पती वारले, त्यांचं नाव खोडा. बसमध्ये ती हे वाक्य मनात घोकत राहिली. ओठ हलवूनही पाहिलं. शेजारच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती थांबली. वाक्य जमत होतं. तीन वाजायला दहा मिनिटं असताना ती त्या अरुंद हिरव्या घराच्या पायऱ्या चढली.

मिसेस ल्यूंगने दार उघडलं. बुटकी, चष्मेवाली, हातात भाजीची सुरी. ती आधी बोलली.

“आलीस? नवरा केव्हाचा येऊन बसलाय वर. शूज काढ बाई, आधी शूज.”

दाराशी लाकडी मांडणी होती. मांडणीवर मिसेस ल्यूंगच्या सपाता आणि कुणा भाडेकरूचे पळायचे बूट. सगळ्यांत खाली पुरुषाचे काळे चामड्याचे बूट, जुन्या घाटाचे, थेल्माच्या कोपरापासून बोटांपर्यंत येतील एवढे लांब. त्यांच्याखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि ते भिजून काळं झालं होतं. वास येत होता. धक्क्याच्या खांबांना ओहोटीच्या वेळी येतो तसा.

“मिसेस ल्यूंग,” थेल्मा म्हणाली, “मला तुम्हाला काही सांगायचंय. माझे पती…”

“भला माणूस आहे. चहा दिला तर तीनदा थँक्यू म्हणाला. बोलत नाही फार.” ती सुरी पुसत होती. “म्हणाला, बायकोला खिडकीची बाजू देऊ नका, तिला गार लागतं. मी पलंग सरकवून दिला.”

थेल्माचं वाक्य तिथेच राहिलं.

हे खरं होतं. चाळीस वर्षं ऑर्विल खिडकीकडे झोपला होता, ती भिंतीकडे. हे व्हर्नालासुद्धा ठाऊक नव्हतं. आणि ऑर्विल गेल्यापासून, घरातल्या त्या मोठ्या पलंगावर, तिला गार लागतंय का हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी डबे आणले होते, कार्डं पाठवली होती, बर्फ काढून दिलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं, सावकाश, दोन्ही सारखी पडणारी. ती जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली. जिना अंधारा होता, वळणावर दिवा नव्हता. थेल्माला दिसले ते फक्त दोन पाय, करड्या लोकरी मोज्यांतले, आणि मोज्यांतून पायरीवर हळूहळू पसरणारं पाणी. त्याच्या वर कोटाची कड. त्याच्या वर काही दिसत नव्हतं. तो खाली येत नव्हता. नुसता ऐकत उभा होता.

“काय सांगत होतीस?” मिसेस ल्यूंग म्हणाली. तिनेही वर पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. “नवराच ना तुझा? खरं सांग. मी वाटेल त्याला वर सोडत नाही.”

आता म्हणायचं. तीनच शब्द होते. ते म्हटले की तो त्या मोज्यांनिशी कुठे जायचा तिथे जाईल, हे थेल्माला जितकं स्पष्ट कळलं तितकं आयुष्यात काहीच कळलं नव्हतं. आणि हेही कळलं की त्यानंतर वर एक खोली असेल, भिंतीकडे सरकवलेला पलंग असेल, आणि दोन रात्री. मग रेल्वे, मग घर. हा ऑर्विल नव्हता. ऑर्विल कुठेच नव्हता.

पावलं थांबलीच होती. वरून श्वासाचाही आवाज येत नव्हता.

“हो,” थेल्मा म्हणाली. “माझेच.”

मिसेस ल्यूंगने खांदे उडवले, वही आणली आणि दाराजवळच्या फळीवर उघडून ठेवली. सही कर, बाकी त्याने भरलंय, ती म्हणाली. थेल्माने चष्मा लावला. अक्षर उभं, जुन्या वळणाचं, प्रत्येक अक्षर वेगळं. ऑर्विल हाल्वरसन: आले शनिवारी, जाणार सोमवारी. त्याखाली तिचं नाव, स्पेलिंगसुद्धा बरोबर. आले शनिवारी. पुढची चौकट रिकामी होती.

“माझी जायची तारीख राहिलीय,” ती म्हणाली.

“मीही म्हटलं त्याला. म्हणाला, ती नको भरायला.” मिसेस ल्यूंगने पेन तिच्या पुढे केलं. “मला वाटलं तुमचं तसं ठरलं असेल.”

थेल्माने सही केली. आपले बूट काढले, मांडणीवर ठेवायला जागा नव्हती म्हणून हातातच घेतले, आणि जिन्याकडे वळली. वर ते दोन पाय तिला वाट द्यायला एक पायरी मागे सरले.