पंधरा दिवसांची शांतता

पाव पोचवून भट्टीवाला सकाळी नवाला घराकडे निघाला, तेव्हा त्याच्या डोक्यात झोपेखेरीज दुसरं काही नव्हतं. रात्री दहाला पीठ मळायचं, पहाटे भट्टी पेटवायची आणि लोक कामाला निघाले की आपण पांघरुणात शिरायचं, असं त्याचं बारा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. पण समोरची इमारत पाडायचं काम निघालं आणि झोप उडाली ती उडालीच. ड्रिल, हातोडे, शेजारचा कुत्रा. शिवाय घरात सात वर्षांची चिमणी! ही पोरगी दोन मिनिटं गप्प बसली तर आईनं ताप आलाय का बघावं, अशी बडबडी. तिचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे ना' पासून सुरू व्हायचं. त्या बडबडीवर बापाचा जीव होता, पण डोळा लागत नसला की जीव लावलेलंही टोचतं.

दारात टाय लावलेला एक तरुण उभा होता. त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी होती.

"ही भिंतीला चिकटवायची, काका. सगळा गोंगाट शोषून घेते. पंधरा दिवस अगदी फुकट. नको वाटली तर पंधराव्या दिवशी एक फोन करायचा, विषय संपला."

"कार्डाचा नंबर मागाल आता."

"छे हो! फक्त नोंदणी."

त्यानं स्वतःच कंपनीला फोन लावून पुढे धरला. पलीकडून आधी बारीकसा कोरडा खोकला आला, मग एका लहान मुलाचा घोगरा आवाज. "नमस्कार. तुमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज कुणाचा?"

भट्टीवाल्याला हसू फुटलं. "आणखी कुणाचा? आमच्या चिमणीचा!"

"नोंद झाली," पोरगा म्हणाला आणि पुन्हा खोकला.

"लहान मुलाला कशाला बसवलंय हो फोनवर?"

"लोकांना गोड वाटतं," टायवाला म्हणाला. तो स्वतः मात्र हसला नाही.

डबी भिंतीला लागली आणि ड्रिल थांबलं. खिडकीतून बघितलं तर कामगार तसाच थरथरत होता, धूळ उडत होती, फक्त आवाज नव्हता. भट्टीवाला त्या दिवशी सात तास मेल्यासारखा झोपला.

चार दिवसांनी कुत्रा नुसताच तोंड उघडताना दिसू लागला. मग नळाचं पाणी मुक्यानं पडायला लागलं. भांडं हातातून निसटलं तरी घरात आवाज होईना. ती शांतता हळूहळू कणकेसारखी फुगत होती आणि तिला ओल्या भिंतीसारखा एक वास होता. बायकोला ती सोसेना.

"अहो, काढून टाका ती डबी. मला तिच्याकडे बघवत नाही. आणि पोरीचा घसाही बसलाय."

"मिठाच्या गुळण्या दे. हक्काचे फुकटचे दिवस कशाला सोडायचे? पंधराव्या दिवशी फोन करतो ना!"

फुकटचं म्हटलं की शहाणा माणूसही जरा वेडा होतो, आणि हा तर झोपेचा उपाशी.

पंधराव्या दिवशी रात्री तो कामावर गेला. आता भट्टीवाल्यांचा हिशेबच निराळा. घड्याळात बारा वाजोत की चार, भट्टी विझून पाव बाहेर पडेपर्यंत त्यांचा कालचाच दिवस चालू असतो. त्यामुळे सकाळी शेवटचा ट्रे काढून, हात पुसून त्यानं निवांतपणे फोन लावला. त्याच्या लेखी पंधरावा दिवस अजून सरला नव्हता.

या वेळी खोकला आला नाही.

"म्हणजे ना... नमस्कार. म्हणजे ना, तुमची मुदत मध्यरात्री संपली. पहिला हप्ता मिळाला."

भट्टीसमोर उभ्या माणसाला थंडी वाजली.

"चिमणे...? चिमणे, तू कुठून बोलतेस गं?"

"म्हणजे ना... तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

तो भट्टी उघडी टाकून पळत सुटला. घरी चिमणी खाटेवर बसली होती. बाप दिसताच ती सगळं सांगू लागली, हातवारे करून, भराभर, रडत रडत. ओठ हलत होते. आवाजाचा टिपूसही नव्हता. बायको दोन्ही हात तोंडावर धरून कोपऱ्यात बसली होती.

त्यानं डबी उपटून आपटली. तिच्या आत काही नव्हतं, नुसतं रिकामं टरफल. डॉक्टरांनी चिमणीचा घसा तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, बोलेल. ती बोलली नाही.

संध्याकाळी तो एकटाच जिन्यात बसला आणि त्यानं पुन्हा फोन लावला.

"पाया पडतो. माझी पोर परत द्या."

"म्हणजे ना, नोंदणी बदलायची असेल तर नवं नाव सांगा."

शेजाऱ्याचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोला. पण शेजारीही लेकुरवाळा होता.

"माझं लिही," तो म्हणाला. "चिमणीच्या बाबाचं. पोरी, बाबाचं लिही."

"नोंद झाली."

त्याला हुंदका आला. तो त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही.

वर घरातून बायकोची किंकाळी आली, आनंदाची. "अहो, या लवकर! बोलली! आपली चिमणी बोलली!"

तो दोन दोन पायऱ्या चढत धावला. आईनं चिमणीला छातीशी घट्ट धरलं होतं. पोरीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आधी बारीकसा कोरडा खोकला आला.

"पप्पा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला घरी जायचंय."

"घसा बसलाय नुसता, बाळा," बायको डोळे पुसत म्हणाली. "होईल बरा. आणि हे काय, आज बाबाचा पप्पा झाला वाटतं?"

भट्टीवाल्यानं ओरडायला तोंड उघडलं. मग हातातला फोन कानाला लावला. तो चालूच होता.

"म्हणजे ना, नवं नाव सांगा," पलीकडून आलं. मग हळूच, "बोल ना, बाबा..."