‘येते’ म्हणायचं नाही

दुसऱ्याच्या घरात डोकावायची माझी सवय सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्यामुळे शेजारच्या ताईंनी चावी दाखवून “येता का?” विचारलं, तेव्हा मी गॅस बंद केला आणि थेट चपलाच घातल्या.

चावी विद्यापीठाच्या जुन्या व्याख्यानगृहाची होती. ताईंचे यजमान, आमचे सर, जन्मभर तिथंच शिकवत. ते गेले आणि ताईंनी त्या वास्तूचा ध्यासच घेतला. छत वाकलेलं, दुरुस्तीपुरत्या देणग्या जमल्या नाहीत तर पाडणार होते. ताई दारोदार फिरत. “मी दिसले की लोकांना एकदम फोन येतात हो,” असं म्हणून वर हसत.

त्या दुपारी देणगीदारांना दाखवायला फोटो काढायचे होते. बाहेर लख्ख ऊन. आत मात्र ओल्या चुन्याचा वास, बाकांच्या वर वर चढत गेलेल्या रांगा, आणि शेवटच्या रांगेपर्यंत न पोचणारा उजेड. मी खोकले. थोड्या वेळानं वरून कुणी सावकाश खोकल्यासारखं वाटलं.

“घुमतो आवाज इथं,” ताई म्हणाल्या. “हे म्हणायचे, मुलं झोपली तरी भिंती ऐकतात माझं.”

फोटो झाले. दाराशी ताई वळल्या. रिकाम्या बाकांकडे बघत हळूच म्हणाल्या, “येते हं.”

वरून आवाज परत आला.

“येतो... हं.”

मी त्यांचा दंड धरला. “ताई, तुम्ही... ‘येते’ म्हणालात ना?”

“हो.”

“मग हे...”

“चला.” त्यांचा चेहरा उजळला होता. कुलूप त्यांनीच लावलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचं देणग्या मागणं बंद. मी रागावलेच. “अहो, सरांची आठवण ना ती? पाडून टाकतील!”

“पाडू देत. आठवण कशाला हवी आता?”

राहवेना, म्हणून वाटीभर साखरेच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेले. साखर देताना ताई कुजबुजल्या, “निघताना ‘येते’ म्हणू नका. ‘जाते’ म्हणा.”

“इश्श, असं अभद्र कुणी बोलतं का?”

“नाहीतर ते... लगेच बोलावतात.”

मी मान डोलावली. पण जन्माची सवय, उंबऱ्याशी तोंडातून गेलंच, “येते हं!”

आतल्या अंधाऱ्या खोलीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, “या.”

ताईंनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते. “ऐकलंत? हेच ना? सांगा ना... हेच ना?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सरांच्या भिंतीला भिंत लावून संसार केलाय मी. त्यांचं घोरणं, ठसका, फोनवरचं ओरडणं, सगळं मला पाठ आहे.

तो आवाज सरांचा नव्हता.