तिसरी हाक

क्षितिज, तो पंखा जरा कमी कर. आणि ऋता, तुझा चिवडा आधी संपव, मध्येच कुरूमकुरूम नको. ही काही कुणाच्या मावसभावाच्या मित्राची गोष्ट नव्हे. ज्याच्यावर ही वेळ आली तो प्रबोध ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

२००५ सालचा डिसेंबर. बावीस तारीख, गुरुवार. प्रबोध सिंगापुरात पुंगोलला एकटा राहायचा. त्याचा मित्र शैलेंद्र जवळच हौगांगला, बायको मेधा आणि आठ वर्षांची श्रिया यांच्यासोबत. शाळेला सुट्टी लागली तशी ती तिघं जपानला गेली, मेधाच्या भावाकडे, विक्रांतकडे. पोरीला बर्फ बघायचा होता. निघताना मेधानं प्रबोधच्या हातात फ्लॅटची किल्ली ठेवली.

"भावजी, देव अंधारात ठेवू नका. दिवेलागणीला तेवढा दिवा लावा."

"वहिनी, तुम्ही निर्धास्त जा," म्हणाला. बोलायला आमचा प्रबोध शूर! ऑफिस रॅफल्स प्लेसला, सुटायला रोज उशीर. त्याची दिवेलागण रात्री दहाला व्हायची.

त्या गुरुवारीही तेच. बाहेर चपला काढल्या, दार आतून लावलं, हातपाय धुऊन दिवा लावला. तेवढ्यात घरातला फोन वाजला. विक्रांत होता.

"शैलेंद्रचा फोन आला का हो तुम्हाला?"

"नाही. का?"

"दुपारी गाडी घेऊन फिरायला गेलेत तिघं. संध्याकाळपर्यंत यायची होती. घाटात बर्फाचं वादळ सुरू आहे, रस्ता बंद केलाय. गाडी अडकली असणार. मोबाइल लागत नाही… आणि श्रियाच्या अंगात नुसतं पातळ जॅकेट आहे हो."

प्रबोधचा जीव टांगणीला लागला. दर शनिवारी तो श्रियाला सायकल शिकवायचा, फार माया होती त्याची पोरीवर. इतक्या लांबून करणार काय? घरी जाववेना. तो देवापुढे बसून राहिला. उठायचा, खिडकीशी जायचा, परत बसायचा. दिव्यात तेल घालायचा. दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या हातात होतं.

साडेअकरा वाजले असतील. लिफ्टचा आवाज नाही. पावलांचा नाही. आणि दाराबाहेरून…

"प्रबोधकाका!"

श्रियाचा आवाज. थरथरत होता.

प्रबोध अर्धा उठला आणि तिथेच थिजला. तो देवगडचा. त्याची आजी लहानपणी बजावायची, रात्री नावानं हाक आली तर ओ देऊ नको. तिसरी येईपर्यंत थांब. 'त्यांना' तिसरी हाक मारता येत नाही.

"प्रबोधकाका… ओपन लाह… पाय गार पडलेत माझे…"

दुसरी. तो 'लाह'सुद्धा तिचाच, इथल्या शाळेत उचललेला.

पोरगी कुडकुडत होती. दात वाजत होते, आतपर्यंत ऐकू येत होतं. प्रबोधचा हात कडीवर. ओठ घट्ट मिटलेले. हाक मार बाळा. अजून एकदा. एकदाच…

काही नाही.

दिव्याची ज्योत आडवी झाली. खिडक्या बंद होत्या.

मग…

"प्रबोधकाका."

तिसरी! "ओ! आलो गं!" म्हणत त्यानं दार उघडलं, जाळीचं दार ढकललं.

बाहेर कुणी नव्हतं. गार वारा अंगावरून आत गेला. सिंगापुरात, असा वारा!

तो वळला. लादीवर ओली पावलं. लहान. दिव्यापर्यंत गेलेली आणि परत दाराशी आलेली. त्यांच्या शेजारी दुसरी पावलं. थोडी मोठी. श्रियाच्या खोलीत गेलेली.

परत न आलेली.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्या वेळी आवाज थरथरत नव्हता.

रात्री एकला विक्रांतचा फोन आला. गाडी सापडली होती. तिघं जिवंत होती. श्रिया निपचित पडली होती, मेधा तिचे तळपाय चोळत होती, आणि आपल्या इथल्या साडेअकराच्या सुमाराला पोरीनं आपोआप डोळे उघडले होते. प्रबोध ढसाढसा रडला. लादी पुसली, खोलीला बाहेरून कडी घातली, आणि उजाडेपर्यंत खाली बाकावर बसून राहिला. नंतर रोज यायचा तो उजेडात, दिवा लावून पळायचा.

तीन जानेवारीला ती मंडळी परतली. दार उघडायला प्रबोधच होता. श्रिया दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, त्या दिवशी किती लेट उघडलंत! मी दोनदा हाक मारली."

"तीनदा, बाळा."

"नो लाह. टू टाइम्स ओन्ली. मग तुम्ही उघडलंत, मी दिव्यापाशी बसले, मस्त गरम वाटलं. आणि एकदम गाडीत. आई रडत होती."

"मग… तिसरी हाक?"

श्रियानं आपल्या खोलीकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"ती माझ्या मागे उभी होती ना… ती."

म्हणजे 'तिची' ती पहिलीच हाक होती! प्रबोध काही बोलणार, तोच मेधा खोलीची कडी काढून आत गेली.

"भावजी… इथली लादी आत्ता कुणी पुसली का? ओली आहे. आणि एवढी गार…"